शिकवणार कोण? टांझानियाच्या सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचे प्रकरण

नोव्हेंबर १९७४. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरच्या मुसोमा शहरात टांझानियाच्या सत्ताधारी पक्षाची, टानूची, राष्ट्रीय कार्यकारिणी बसली होती. तिथे ठराव झाला की नोव्हेंबर १९७७ पर्यंत शाळेच्या वयाचे प्रत्येक मूल शाळेत असले पाहिजे. आधीच्या पंचवार्षिक योजनेत याच कामाला १९८९ पर्यंतची मुदत होती. म्हणजे पंधरा वर्षांचे काम तीन वर्षांवर आले. वर्ग झाडाखाली भरवता येतो, पाटी नसली तर जमिनीवर अक्षरे गिरवता येतात. शिक्षकाचे तसे नसते. अध्यापक विद्यालये वर्षाला जेवढे शिक्षक देत होती त्याच्या कितीतरी पट लागणार होते, आणि तेही लगेच.

या टिपणात सार्वजनिक व्यक्तींची नावे आहेत. शिक्षकांची, विद्यार्थ्यांची, गावांची नाहीत. पुढे एका शिकाऊ शिक्षकाचा दिवस सांगितला आहे. तो कोणा एकाचा नाही, त्या योजनेची आखणीच तशी होती.

पार्श्वभूमी

टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, आधी जर्मनांकडे होते, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांकडे आले. जर्मनांनी कारभारासाठी स्वाहिली वापरली. शाळेला स्वाहिलीत आजही ‘शुले’ म्हणतात, तो शब्द जर्मनच. विद्येला ‘एलिमु’ म्हणतात, म्हणजे आपल्या ओळखीचे ‘इल्म’. ब्रिटिश काळात शाळा वंशावर वाटलेल्या होत्या: गोऱ्यांच्या वेगळ्या, आशियाईंच्या (गुजराती, इस्माइली, गोवेकर) वेगळ्या आणि आफ्रिकनांच्या वेगळ्या. दर मुलामागचा खर्च वरून खाली उतरत जाई. आफ्रिकन मुलांच्या बऱ्याचशा शाळा मिशनऱ्यांच्या होत्या आणि बहुतेकांचे शिक्षण चौथीतच संपे.

९ डिसेंबर १९६१ ला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा प्राथमिक शाळांत सुमारे ४ लाख ९० हजार मुले होती. माध्यमिक शाळांत होती ११,८३२, आणि सहाव्या फॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या उंबरठ्यावर, १७६. ब्रिटिशांनी ८५ टक्के निरक्षर, दोन इंजिनिअर आणि बारा डॉक्टर मागे ठेवले, असे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे पुढे सांगत. न्येरेरे स्वतः मास्तर. दार-ए-सलामजवळच्या पुगू इथल्या शाळेत ते शिकवत होते. राजकारण की नोकरी असा प्रश्न आला तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. देश त्यांना शेवटपर्यंत ‘म्वालिमु’, म्हणजे गुरुजी, म्हणत राहिला.

पहिल्या काही वर्षांतले निर्णय सरळ होते. १९६२ पासून वंशावरच्या शाळा एकत्र झाल्या. माध्यमिकची फी १९६४ मध्ये गेली. १९६७ पासून सगळे प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून होऊ लागले, आणि १९६९ च्या कायद्याने मिशनच्या शाळा सरकारच्या ताब्यात आल्या. सव्वाशेहून जास्त भाषा बोलणाऱ्या देशात एका भाषेतून शाळा चालवणे आफ्रिकेत फार थोड्या देशांना जमले. इथे ते जमले याचे एक कारण असे, की स्वाहिली कोणत्याही एका बलाढ्य जमातीची मातृभाषा नव्हती. त्यामुळे ती लादली असे कुणाला फारसे वाटले नाही.

प्रकरणाची मुळे मात्र १९६६ मध्ये आहेत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दार-ए-सलामच्या विद्यापीठातले विद्यार्थी अंगात विद्यापीठाचे झगे घालून अध्यक्षांच्या निवासस्थानावर मोर्चा घेऊन गेले. पदवीनंतर राष्ट्रीय सेवा सक्तीची होणार होती आणि त्या काळात पगाराचा मोठा हिस्सा सरकारकडे जाणार होता, याला त्यांचा विरोध. एका फलकावर लिहिले होते की याहून वसाहतवाद बरा होता. न्येरेरे भडकले. तीनशेहून जास्त विद्यार्थ्यांना त्यांनी घरी पाठवून दिले आणि त्याच बैठकीत स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कापला. पदवीच्या वाटेवरच्या पिढीतल्या मोठ्या हिश्श्याला असे घालवून देणे परवडणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: वर जाणारी शाळा साहेब तयार करते.

पाच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हा त्यांचा निबंध आला. त्यातला मुद्दा असा, की प्राथमिक शाळा संपवणाऱ्या शंभरांतल्या तेरा जणांनाच माध्यमिकला जागा मिळते, मग सगळी शाळा त्या तेरांच्या परीक्षेसाठी का चालवायची? उरलेल्या सत्त्याऐंशींना गावातच राहायचे आहे, तेव्हा प्राथमिक शिक्षण स्वतःत पूर्ण असावे. शाळेला शेत असावे, मुलांनी पिकवावे, त्यातून खर्चाला हातभार लागावा. मराठी वाचकाला इथे वर्ध्याच्या नयी तालीमची आठवण आल्याशिवाय राहणार नाही, आणि तिथे जी तक्रार झाली तीच इथेही झाली: बऱ्याच ठिकाणी शेत म्हणजे मुलांकडून करून घेतलेली फुकटची मजुरी ठरली.

प्रश्न काय होता

१९७४ मध्ये प्राथमिक शाळांत सुमारे १२ लाख मुले होती, आणि जवळपास तेवढीच किंवा त्याहून जास्त बाहेर. प्राथमिकची फी १९७३ मध्ये बंद झाली होती. त्याच सुमाराला विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना ‘उजामा’ खेड्यांत एकत्र आणण्याची मोहीम चालू होती. १९७३ नंतर ती सक्तीची झाली. लाखो कुटुंबे हलवली गेली, काहींची जुनी घरे जाळलीही गेली. तिचे इतर परिणाम वाईट असले तरी शाळेपुरता एक फायदा झाला. आधी डोंगरात, माळावर पसरलेली मुले आता एका ठिकाणी सापडत होती, आणि ती सापडल्यावर गावकरी विचारू लागले की शाळा कुठे आहे.

म्हणजे मागणी होती, राजकीय इच्छा होती, गावे वर्ग बांधायला तयार होती. उणीव शिक्षकांची. शिक्षक येतो माध्यमिक शाळेतून, आणि माध्यमिक शाळा सरकारने जाणूनबुजून लहान ठेवल्या होत्या. किती मुलांना फॉर्म वनला (माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला) घ्यायचे हे ‘मनुष्यबळ नियोजना’वर ठरे: देशाला अमुक कारकून, तमुक परिचारिका, इतके अभियंते लागतील, तेवढ्याच जागा. त्यापलीकडे शिकवले तर बेकार साहेबांची फौज उभी राहील, ही १९६६ ची धास्ती. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. खालचे दार सताड उघडायचे ठरले, वरचे किलकिलेच ठेवले, आणि खाली शिकवणारी माणसे वरच्या दारातूनच यायची होती हे नियोजनाच्या तक्त्यात कुठे बसलेच नाही.

त्यातून त्याच शिक्षकांवर दुसरा भारही होता. १९७१ पासून प्रौढ साक्षरतेची मोहीम जोरात होती. १९७५ च्या परीक्षेच्या सुमाराला पन्नास लाखांवर प्रौढांची नावे वर्गांत नोंदलेली होती. सकाळी मुले, दुपारी मोठी माणसे, शिकवणारा एकच.

पुढे आलेले पर्याय

पहिला, १९८९ ची मुदत कायम ठेवायची आणि भक्कम पायावर सावकाश वाढायचे. शिक्षण खात्यातल्या सावध माणसाने हेच सुचवले असते. पण फी माफ झाली होती, गावे वसली होती. एका घरातले मूल शाळेत आणि शेजारचे बाहेर, हे आणखी पंधरा वर्षे पक्षाला निभावता आले नसते.

दुसरा, अध्यापक विद्यालये वाढवायची. इमारत, वसतिगृह, प्राध्यापक, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शिवाय तिथे घालायला शक्यतो फॉर्म फोर (माध्यमिकचे चौथे वर्ष) झालेली मुले हवीत, आणि ती मुळातच थोडी.

तिसरा, बाहेरून शिक्षक आणायचे. शिक्षणाचे माध्यम स्वाहिली असल्याने हा पर्याय निकालातच निघाला.

चौथा, आहेत त्याच शिक्षकांना दोन पाळ्यांत शिकवायला लावायचे. खालच्या वर्गांत हे आधीच चालू होते. त्याने थोडा ताण हलका होणार होता, पण १२ लाखांचे २५ लाख होणार नव्हते.

पाचवा, सातवी पास झालेली, माध्यमिकला जागा न मिळालेली गावातली मुले-मुली घ्यायची आणि शिकवता शिकवता त्यांनाच शिक्षक करायचे.

माध्यमिक शाळा वाढवणे हा सहावा पर्याय असायला हवा होता. मुसोमाच्या ठरावाने उलट विद्यापीठाची वाट लांबवली: फॉर्म सिक्सनंतर थेट प्रवेश बंद, आधी राष्ट्रीय सेवा, मग काही वर्षे काम, मग कामाच्या ठिकाणची शिफारस.

काय केले

पाचवा पर्याय घेतला, आणि तो ज्या नेटाने राबवला त्याला दाद द्यायला हवी. सतराएक वर्षांची, नुकतीच सातवी संपवलेली मुले-मुली गावांनी निवडली. तीन वर्षांचे प्रशिक्षण, घर न सोडता. सकाळी मुलाने आपल्याच गावच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे. दुपारी त्याने स्वतः विद्यार्थी व्हायचे: जवळच्या केंद्रावर एक अनुभवी शिक्षक शिकवायचा, टपालाने येणाऱ्या पाठपुस्तिका सोडवायच्या, रेडिओवरचे पाठ ऐकायचे. शेवटी काही आठवड्यांचे निवासी वर्ग आणि परीक्षा. टांझानियाकडे रेडिओवरून शिकवण्याचा अनुभव ताजा होता. १९७३ मध्ये ‘म्तू नी आफ्या’, म्हणजे ‘माणूस म्हणजे आरोग्य’, या मोहिमेत वीसएक लाख लोक गावोगाव रेडिओभोवती गट करून बसले होते.

१९७६ पासून पाचएक वर्षांत सुमारे ४५,००० जण या वाटेने आत आले आणि त्यांतले पाचातले चार पास होऊन शिक्षक झाले. गावांनी विटा भाजल्या, भिंती चढवल्या, शिक्षकाची खोली बांधली. पत्रे, सिमेंट, कागद यांत स्वीडनची आणि युनिसेफची मदत होती.

आपल्याकडच्या वस्तीशाळेवरच्या निमशिक्षकाचे दिवस आठवणाऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच की टांझानियाने निमशिक्षकांवर अख्खी व्यवस्था उभी केली.

काय झाले

आकड्यांत पाहिले तर यश डोळे दिपवणारे आहे. पटावरची मुले १२ लाखांवरून १९८० पर्यंत ३३ लाखांच्या पुढे गेली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नोंदणीचे ढोबळ प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास पोचले. मुली जवळजवळ मुलांच्या बरोबरीने आल्या, हे तर मला सगळ्यांत मोठे वाटते. १९७५ मध्ये ३९ टक्क्यांवर असलेली प्रौढ निरक्षरता दहा-अकरा वर्षांत १० टक्क्यांच्या आसपास आली, असे सरकारी चाचण्या सांगतात. अतिशय गरीब देशाने हे केले.

मग गावकऱ्यांची कुजबूज सुरू झाली. या योजनेला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘यूपीई’ म्हणत. लोकांनी त्याच अक्षरांचा स्वाहिलीत वेगळा अर्थ लावला: ‘उआलिमु पासिपो एलिमु’, विद्येविना मास्तरकी. विनोद झोंबणारा होता आणि थोडा अन्यायाचाही. पुढे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या शिक्षकांची तुलना विद्यालयात राहून शिकलेल्यांशी केली, तेव्हा दोघांत फारसा फरक दिसला नाही. ते वाचून आधी दिलासा वाटतो. पण तुलनेतले दोन्ही गट सातवी झालेल्यांचेच होते. दोष घरबसल्या प्रशिक्षणात नव्हता, तर ज्या उंचीवरून दोघांनी सुरुवात केली त्या उंचीत होता. गणितात स्वतःच अपूर्णांकांपाशी अडखळणाऱ्याने सातवीला अपूर्णांक कसे शिकवायचे?

नशीबही फिरले. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय (केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची आर्थिक युती) मोडला, १९७८-७९ मध्ये इदी अमीनच्या युगांडाशी युद्ध झाले, १९७९ मध्ये तेल पुन्हा कडाडले, कॉफीचे भाव पडले. पुस्तके छापायला परकीय चलन उरले नाही. शिक्षकांचा पगार महागाईने खाल्ला, ते शेती आणि छोटे धंदे करू लागले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला शाळेसाठी वर्गणी पुन्हा सुरू झाली. न्येरेरे १९८५ मध्ये पायउतार झाले, १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला. नोंदणी घसरत गेली आणि नव्वदच्या दशकात बरीच मुले पुन्हा शाळेबाहेर होती.

पण सगळा दोष तेलावर आणि युद्धावर टाकता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सातवी संपवणाऱ्यांपैकी सरकारी माध्यमिक शाळेत जागा मिळत होती शंभरांतल्या चार-पाच जणांना. न्येरेरेंना खटकलेले तेराचे प्रमाण त्यांच्याच कारकिर्दीत तिसऱ्या हिश्श्यावर आले. आई-बाप हिशेबी असतात. सात वर्षे पोराला शेतातून सोडायचे आणि शेवटी ते परत शेतातच यायचे, तर मग सोडायचे कशाला? किलिमांजारोच्या उतारावरच्या कॉफीवाल्या शेतकऱ्यांनी सरकारची वाट न पाहता वर्गणी काढून खासगी माध्यमिक शाळा काढल्या. ज्यांच्याकडे कॉफी नव्हती त्यांना हे जमले नाही. समतेसाठी आखलेल्या धोरणातून विषमतेची अशी मागची वाट निघाली.

भाषेचा निर्णय, जो झाला नाही

प्राथमिक स्वाहिलीत आणि फॉर्म वनपासून सगळे विषय इंग्रजीत, ही उडी १९६७ पासून होती. माध्यमिकही स्वाहिलीत न्यायचे असे तेव्हा बोलले जात होते. अध्यक्षांनी नेमलेल्या मक्वेटा आयोगाने १९८२ मध्ये तशी स्पष्ट शिफारस केली. सरकारने आधी होकार दर्शवला, मग मागे घेतला. शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणणारे न्येरेरे १९८४ मध्ये म्हणाले, इंग्रजी ही जगाची स्वाहिली आहे. त्याच वर्षी दोन ब्रिटिश अभ्यासकांनी पाहणी केली. इंग्रजी माध्यमात शिकायला सुरुवात करण्यापुरती भाषा फॉर्म फोरच्या दहांतल्या एकालाच येते, असे त्यांना दिसले, आणि तरीही त्यांची शिफारस इंग्रजी ठेवा अशीच होती! पुढे ब्रिटिश पैशाने इंग्रजी सुधारण्याचा प्रकल्प आला.

वर्गात प्रत्यक्षात काय चालते हे मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. शिक्षक स्वाहिलीत समजावतो, फळ्यावर इंग्रजीत लिहितो, मुले ते पाठ करतात.

तेच पुन्हा, एक मजला वर

२००१ मध्ये प्राथमिकची फी पुन्हा रद्द झाली. २००० मधली सुमारे ४४ लाख मुले २००५ मध्ये ७५ लाख झाली. जुन्या यूपीईवाल्या शिक्षकांना वरच्या श्रेणीत आणण्याचे वर्गही या वेळी घेतले, म्हणजे धडा थोडा शिकला होता. मग २००४ पासून प्रत्येक वॉर्डात, म्हणजे काही गावांच्या गटात, एक माध्यमिक शाळा काढायची ठरले. ‘शुले झा काता’, वॉर्डाच्या शाळा, भराभर उभ्या राहिल्या आणि शिक्षक पुन्हा कमी पडले. या वेळी फॉर्म सिक्स झालेल्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन वर्गात पाठवले. लोकांनी त्यांना तेव्हाच्या झटपट मोबाइल रिचार्जवरून ‘वोडा फास्टा’ नाव ठेवले.

२०१२ च्या फॉर्म फोर परीक्षेचा निकाल २०१३ च्या सुरुवातीला लागला. साठ टक्के मुले नापास. देशभर एवढा गदारोळ झाला की सरकारने तो निकाल रद्द करून गुण नव्याने बसवले.

काय वेगळे करता आले असते

मुदतीवर टीका करणे सोपे आहे; मी ती करणार नाही. १९८९ पर्यंत थांबले असते तर मधल्या काळातल्या मंदीने योजनाच गिळली असती आणि लाखो मुलींना अक्षर दिसले नसते. पाचवा पर्यायही त्या घडीला योग्यच होता.

चूक पुढच्या पायरीवर दिसते. ४५,००० सातवी पास शिक्षक ही तात्पुरती टेकू-व्यवस्था होती, ती काढायची तारीख ठरवायला हवी होती. त्यांतल्या हुशार दहा हजारांना पाच-सहा वर्षांत फॉर्म फोरपर्यंत नेण्याची दुसरी पत्रयोजना तेव्हाच सुरू करता आली असती. केंद्रे, पुस्तिका, रेडिओ सगळे तयार होते. ते काम पंचवीस वर्षांनी झाले, तोवर त्यांतल्या पुष्कळांची अर्धी नोकरी होऊन गेली होती.

दुसरे, माध्यमिकच्या जागा नोकऱ्यांच्या तक्त्यावर न ठरवता शिक्षकांच्या गरजेवर ठरवल्या असत्या, तरी न्येरेरेंच्या तत्त्वाला धक्का लागला नसता. फॉर्म फोर होऊन गावच्या शाळेत परतणारा मुलगा साहेब थोडाच होतो? मनुष्यबळाच्या तक्त्यात कारकून आणि अभियंते तपशीलवार होते. प्राथमिक शिक्षकाचा रकाना मात्र सातवीच्या पोरांनी भरला.

आणि भाषेबाबत मक्वेटा अहवालावर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीही ठामपणे म्हटले असते तरी चालले असते. इंग्रजी ठेवायची तर प्राथमिकमध्ये ती नीट शिकवायला हवी होती, आणि सातवी पास शिक्षकाकडून ते होणे नव्हते. म्हणजे फिरून पहिल्याच प्रश्नावर येतो.

सध्या नव्या धोरणाची अंमलबजावणी चालू आहे. प्राथमिक सहा वर्षांचे आणि पुढची चार वर्षे माध्यमिक, अशी दहा वर्षे सक्तीची होणार आहेत. बदल पुरा होताना एका वर्षी सातवीची शेवटची आणि सहावीची पहिली तुकडी एकाच वेळी बाहेर पडेल. जानेवारीत फॉर्म वनच्या दारात नेहमीच्या दुप्पट मुले उभी असतील, आणि त्यांचे वर्ग, बाके, संडास यांची मोजणी जिल्ह्याजिल्ह्यांत करावी लागेल. शिक्षकांची मोजणी फॉर्म फोर आणि सिक्सच्या निकालपत्रकापासून सुरू करावी लागेल.